बाकी

वूच शहरात, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागे
झोप मोजायची एक खोली आहे. रात्रपाळी माझी.
आज गेनोवेफाबाई आल्यात, वय एक्क्याऐंशी.
डोक्याला एकवीस तारा चिकटवून घेताना म्हणाल्या,
"एवढेच धागे? मी चारशे सांभाळायचे."

साडेअकराला त्या निजल्या
आणि पडद्यावर झोप सरकू लागली,
सेकंदाला एकशे अठ्ठावीस ठिपके.
कुणी अंधारात, न बघता, एकच अक्षर
गिरवत राहावं तशी.

तिमोतेउशनं लिहिलेली रीत हावरट आहे.
तिच्याजवळ कोश आहे, पण शब्दांचा नाही, थरथरींचा.
लाखो बारीक लहरी, पोटाशी फुगीर, टोकांना निमुळत्या.
प्रत्येकीची ओळख चार गोष्टींत:
कुठे आहे, किती रुंद, किती घाईत,
आणि पहिलं पाऊल वर टाकते की खाली.
या झोपेवर कुणाची सावली सगळ्यात लांब पडते
एवढंच ती रीत बघते.
तिला उचलते. वजा करते.
उरलेल्यातून पुन्हा सगळ्यात मोठी.
पुन्हा वजा.
मोठ्या उपासाआधीच्या गुरुवारी
पोंचकींच्या ताटावर बसलेल्या पोरासारखी,
आधी जास्त जाम असलेली.

सेकंदाला तेरा हेलकावे, जेमतेम सेकंदभर,
मधे भरलेली, दोन्हीकडे सुटत गेलेली:
या आकाराला आमच्याकडे चातीच म्हणतात.
सूत चढलेली चाती.
तरुण डोक्यात रात्रीला हजारभर फिरतात.
पुढे विरळ होतात. का, ते कुणी नीट सांगत नाही.

दोनच्या सुमाराला पहिली ओळखली.
मग बराच वेळ काही नाही.
मग तीन, एकापाठोपाठ.
रस्त्यावरून रिकामी ट्रॅम गेली
आणि तिची विजेची गुणगुण
बाईंच्या झोपेत येऊन बसली.
तीसुद्धा रीतीनं मुकाट उचलून बाजूला ठेवली.

वीस सेकंदांच्या तुकड्यातून पन्नास लहरी काढल्या
तरी खाली काहीतरी हलत राहतं.
साठ काढा, ऐंशी काढा.
शाळेत बाकी शून्य यायची आणि बाई बरोबरची खूण करायच्या.
इथे ती नुसती लहान होत जाते.
एका ठिकाणी आम्ही थांबतो,
कारण कुठेतरी थांबायचं असतं,
आणि तिला गोंगाट असं नाव देतो.

सहाला त्या उठल्या.
केसांतला चिकट लेप मी कोमट पाण्यानं पुसत होते.
"किती निघाल्या?"
दोनशे सदतीस चात्या, मी म्हटलं.
त्या हसल्या नाहीत.
"मग बाकीच्या कुणी बंद ठेवल्या?"

आणि बूट घालता घालता, एका पायात बूट, एक पाय मोज्यावर,
म्हणाल्या,
"तुमचं यंत्र मोठं ते आधी ऐकतं.
आम्ही तसं ऐकलं असतं तर पगार कापला असता.
त्या दालनात आम्ही पोरी ओठांवरून बोलायचो,
स्वतःची शिंक स्वतःला ऐकू यायची नाही.
पण धागा तुटला की आवाज होत नाही, मुली.
आवाजाला बोटाएवढं भोक पडतं.
मी पाठमोरी असले तरी त्या भोकाकडे चालत जायची."

रुमाल बांधून त्या गेल्या.
सगळ्या लहरी मी परत एकत्र मिळवल्या:
झोप जवळजवळ होती तशी उभी राहिली.
त्या जवळजवळपाशी मी घुटमळले.
मग बाकीची फाइल उघडली, जी कुणी उघडत नाही,
चाळीसपट वेगानं कानाला लावली.
वाळूत वाळू पडावी तसा आवाज.
भोक कुठे आहे, मला ऐकू येईना.
एकदा वाटलं, आहे. मागे नेलं. नव्हतं.

सात वाजता तिमोतेउश आला,
ओली छत्री रेडिएटरला टेकवून म्हणाला,
"काय मग, बाकी?"
मी हेडफोन काढले नाहीत.